रांगत्या मुलाचे घर: विषारी वस्तू काढण्याची आणि निर्धोक वस्तू निवडण्याची पद्धत

आमच्या इमारतीत महिन्याकाठी एक विक्रेता पांढरे फिनेल घेऊन येत असे. ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेले असे. वर लेबल नसे आणि झाकणही त्याच बाटलीचे निळे असे. एका दुपारी माझी तीन वर्षांची भाची मोरीच्या उंबऱ्यावर बसून ते झाकण फिरवत होती आणि आपल्याला दूध हवे असल्याचे मला शांतपणे सांगत होती. झाकण घट्ट होते म्हणून निभावले. दोष विक्रेत्यापेक्षा माझाच अधिक होता, कारण ती बाटली तिच्या हाताच्या उंचीवर मीच ठेवली होती. त्याच आठवड्यात मी तिच्यासाठी सेंद्रिय कापसाचा महागडा फ्रॉक आणला होता आणि मुलीच्या आरोग्याची काळजी घेतल्याचे समाधान मानून बसलो होतो.

‘नैसर्गिक’ आणि ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर पैसा खर्च करण्यापूर्वी घरात आधीपासून असलेल्या धोकादायक वस्तू बाहेर काढाव्यात, हे त्या दिवशी समजले. काढण्याला बहुधा एक रुपयाही लागत नाही. लहान मूल जमिनीलगत वावरते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेते. म्हणून आधी तोंडात जाणाऱ्या वस्तू, मग श्वासावाटे जाणाऱ्या आणि शेवटी त्वचेला लागणाऱ्या, असा क्रम मी धरतो.

पहिली पायरी: घराची झडती

एका सुटीच्या दिवशी खरोखरच गुडघ्यांवर बसून घरभर फिरावे. मोरी, ओट्याखालचे कपाट, पलंगाखालची जागा, देव्हाऱ्याचा खालचा खण आणि दाराच्या उंबऱ्याजवळचे कोपरे मुलाच्या नजरेने पाहिल्यावर वेगळेच दिसू लागतात.

सर्वांत आधी डांबरगोळ्या काढाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो म्हणून त्या कपड्यांत टाकण्याची रीत जुनी आहे. परंतु या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात आणि ज्या बाळांत जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे वापरण्यानेही असे घडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आजीने प्रेमाने जपून ठेवलेली कुंची आणि दुपटी पेटीतून काढली असतील, तर ती धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाला वापरावीत.

गोळ्यांऐवजी कापूर ठेवावा असा सल्ला अनेक जण देतात आणि येथे सावध राहावे लागते. कापूर वनस्पतीजन्य असला, पूजेचा असला, तरी लहान मुलाने त्याचा छोटासा तुकडा गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तो उंच, बंद डब्यात ठेवावा आणि बाळाच्या छातीला किंवा नाकाजवळ चोळू नये. कपाटासाठी त्यापेक्षा सुकवलेली कडुनिंबाची पाने सुती पुरचुंडीत बांधून ठेवणे बरे.

त्यानंतर झुरळांचा खडू. त्यात पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशक असते आणि तो दिसतो मात्र पाटीवर लिहिण्याच्या खडूसारखा. ज्या घरात मूल नुकतेच रेघोट्या ओढायला शिकले आहे, त्या घरात हा खडू असूच नये. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवणे, रात्री ओटा कोरडा करणे आणि ओला कचरा झाकून ठेवणे याने झुरळे बरीच कमी होतात. उरलेल्यांसाठी कपाटाच्या बिजागरीमागे, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, जेलचे ठिपके लावता येतात.

फिनेल, शौचकूप साफ करण्याचे आम्ल, ब्लीच, तुंबलेली मोरी उघडण्याची पावडर, रॉकेल आणि टर्पेंटाइन या वस्तू मूळ बाटलीतच, लेबलासह, प्रौढाच्या खांद्याच्या वर ठेवाव्यात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत यांपैकी काहीही भरलेले असेल तर आजच टाकून द्यावे. पाऱ्याचा जुना थर्मामीटर कुठे पडला असेल तर तोही शोधावा. तो फुटल्यास पारा झाडूने लोटू नये. पंखा बंद करून, खिडकी उघडून, थेंब जाड कागदावर गोळा करावेत, चिकटपट्टीने उरलेले टिपावेत आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे.

मुलाने असे काही गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नये आणि मीठ-पाणी किंवा दूध पाजू नये. आम्ल किंवा रॉकेल उलटीवाटे वर येताना अन्ननलिकेला आणि फुप्फुसांना दुसऱ्यांदा इजा करते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावा. गुंडीच्या आकाराची बॅटरी गिळली असेल तर मात्र चौकशीतही वेळ घालवू नये, कारण ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच खोल भाजू शकते.

दुसरी पायरी: शिसे शोधणे

घरातल्या विषांपैकी एकाच विषाकडे लक्ष द्यायला वेळ असेल तर ते शिशाकडे द्यावे, असे माझे मत आहे. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. त्याला वास नसतो, मूल आजारी दिसत नाही आणि मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम भरून येत नाही.

पहिला स्रोत जुना तैलरंग. भारतात २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. परंतु गिरगाव, लालबाग, दादर येथील जुन्या चाळींच्या खिडक्यांवर, गजांवर आणि लाकडी जिन्यांवर त्यापूर्वीच्या कित्येक दशकांचे थर आहेत. खिडकी उघडता-मिटताना तावदाने चौकटीला घासतात आणि तो भुगा चौकटीच्या खाचेत जमतो. रांगते मूल उभे राहताना नेमके तिथेच हात ठेवते. रंगारी बोलावल्यास जुना रंग कोरडा खरवडू देऊ नये. पृष्ठभाग ओला करून घासण्यास सांगावे, त्या दिवसांत मुलांना आणि गर्भवतीला नातेवाइकांकडे पाठवावे आणि काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून ते फडके टाकून द्यावे. रंग सुटत नसेल तर त्यावर नवा थर देऊन तो बंदिस्त करणे अधिक शहाणपणाचे असते. नव्या डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख छापलेला पाहून मगच पैसे द्यावेत.

दुसरा स्रोत स्वयंपाकघरातला. पितळेच्या पातेल्यांना कल्हई हवीच, नाहीतर ताक आणि आमटी कळकते. कल्हईसाठी शुद्ध कथील लागते, पण शिसे मिसळलेले कथील स्वस्त मिळते आणि कमी उष्णतेवर वितळते, त्यामुळे कारागिराला मोह होतो. कल्हईवाला दारात आला की भट्टी, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चकाकणारे भांडे यांतच आपण रमतो आणि कथील कुठून आणले हे विचारायचे राहून जाते. ते विचारावे, शक्य असल्यास कथील स्वतः पावती घेऊन आणून द्यावे. तेवढी खात्री पटत नसेल तर मुलांसाठीचे आंबट पदार्थ सरळ स्टीलमध्ये करावेत. भंगारातील मिश्र धातू वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या कढयांतूनही शिसे अन्नात उतरू शकते, म्हणून वजनावर विकल्या जाणाऱ्या, कोणतीही खूण नसलेल्या कढया घेऊ नयेत.

हळदीला भडक पिवळा रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. आमच्याकडे सांगलीची हळकुंडे आणून दळून घेतो. ती फार चकचकीत आणि एकसारखी पिवळी दिसत असतील तर घेत नाही. डोळ्यांत घालण्याचा सुरमा परंपरेने शिशाच्या खनिजाचा असतो आणि घरी धरलेले काजळ शिशाचे नसले तरी त्याने बाळाच्या डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. ‘दृष्ट लागू नये’ म्हणून तीट लावायची असेल तर ती तळपायाला लावावी, त्यात सासूबाईंचाही मान राहतो. मारुतीला चढवला जाणारा शेंदूर तर पारंपरिक स्वरूपात शिशाचे ऑक्साइडच आहे, म्हणून देवळातून आल्यावर मुलाचे कपाळ आणि हात साबणाने धुवावेत. शंका असल्यास रक्तातील शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते. बालरोगतज्ज्ञांना त्याबद्दल मोकळेपणाने विचारावे.

तिसरी पायरी: तोंडात जाणारी भांडी आणि पाणी

बाळाला बाटलीची गरज असेलच तर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असलेलीच बाटली घ्यावी. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या मानकाप्रमाणे असणे बंधनकारक आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठी आयएस १४६२५ हे मानक असून त्याच्या २०१५ च्या आवृत्तीपासून बिस्फेनॉल-ए हे रसायन असलेल्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला त्यात स्थान नाही. तरी रस्त्यावरच्या ढिगात बिनखुणेच्या बाटल्या मिळतात. काचेची किंवा स्टीलची बाटली सर्वांत निश्चिंत. सहा महिन्यांनंतर तर आपली वाटी-चमचा आणि बोंडले बाटलीपेक्षा धुवायलाही सोपे पडते.

शाळेच्या डब्यासाठी स्टीलला पर्याय नाही. येथे दुकानदाराच्या लोहचुंबकाने फसू नये. भांड्याला चुंबक चिकटत नाही म्हणजे ते उत्तम, असे भुलेश्वरपासून बोरिवलीपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळते. ३०४ दर्जाच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०० मालिकेच्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही आणि ते आंबट पदार्थांत लवकर गंजते. उलट ४३० दर्जाचे चांगले स्टील चुंबकाला चिकटते. भांड्यावर कोरलेला दर्जा आणि आयएसआय चिन्ह पाहावे. हे चिन्ह स्टीलच्या भांड्यांसाठी २०२४ च्या आदेशाने बंधनकारक केले आहे.

घरातील प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात फेकण्याची गरज नाही. डब्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातील आकडा पाहावा: ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे इतर, ज्यात पॉलिकार्बोनेटही येते. हे तीन अन्नासाठी वापरू नयेत. उरलेल्यांत रवा, पोहे, डाळी अशा कोरड्या वस्तू ठेवाव्यात. गरम वरण, तेलकट लोणचे आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून सगळेच प्लॅस्टिक दूर ठेवावे. ‘मायक्रोवेव्हमध्ये चालते’ याचा अर्थ डबा वितळत नाही एवढाच असतो. मेलामाइनच्या रंगीत ताटल्यांत मुलांना गरम सार किंवा आमटी देऊ नये. वर्तमानपत्रावर वडे किंवा भजी काढण्याची सवयही सोडावी, कारण छपाईची शाई तेलात सहज उतरते. अन्नाला वर्तमानपत्र गुंडाळण्यास १ जुलै २०१९ पासून नियमानेच मनाई आहे.

नॉनस्टिक तव्याचा थर सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तेथवर पोहोचतो. तो धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना मारण्याइतका तीव्र असू शकतो. घावन आणि आंबोळीसाठी बिडाचा तवा आणावा. पहिले चार घावन चिकटतील, पाचवे सुटेल.

पाण्याविषयी मुंबईकरांची विनाकारण फसगत होते. महापालिकेचे पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून येते आणि त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मुळातच कमी असते. असे पाणी आरओ यंत्रातून काढल्यास उरलेसुरले उपयुक्त क्षारही जातात आणि पिण्याजोगे बरेच पाणी मोरीत वाहून जाते. लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सुचवले होते. आपल्याकडे खरा धोका गळक्या वाहिन्या आणि गच्चीवरची टाकी यांतून येणाऱ्या जंतूंचा असतो. त्यासाठी उकळणे किंवा यूव्ही गाळणी पुरते. टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेल्या इमारतींची गोष्ट वेगळी. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, काही शे रुपयांच्या टीडीएस मीटरने आधी पाणी मोजावे आणि मग विक्रेत्याला घरी बोलवावे. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला आणि नको असलेले यंत्र दोन वर्षे भिंतीवर राहिले.

चौथी पायरी: खेळणी

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ ही मानके आहेत. त्यांत टोके-कडा, पेट घेण्याची शक्यता आणि रंगातून सुटणाऱ्या जड धातूंची चाचणी येते. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी घातल्या जाणाऱ्या थॅलेट्स या रसायनांसाठीही स्वतंत्र भाग आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. दुकानात उभे राहूनच तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहावा. उत्पादकाचे नाव आणि वस्तू जुळली तर घ्यावे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात असा क्रमांक तपासू लागल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तोही पुष्कळ काही सांगून जातो.

हस्तकलेच्या खेळण्यांवर हे चिन्ह नसेल तर लगेच नाक मुरडू नये. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणीकृत कारागिरांनी केलेल्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी लेथवर फिरत असताना रंगीत लाख दाबून रंगवली जातात, त्यामुळे थर लाकडावर घट्ट बसतो; चघळणाऱ्या बाळासाठी तसा खुळखुळा चांगला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे मात्र प्रामुख्याने ब्रशने रंगवलेली असतात. कोणता रंग वापरला हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर ती दातांचा काळ संपल्यावर भातुकलीत द्यावीत.

घरी करण्याजोगी परीक्षा साधी आहे. पांढरे सुती फडके ओले करून खेळण्यावर जोरात घासावे. रंग उतरला तर परत करावे. पिशवी उघडताच डोक्यात जाणारा रबरी-तेलकट वास आला तर घेऊ नये. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर पोटात गेल्यावरही फुगतात. ते घरात आणूच नयेत. चुंबकांचे बारीक गोळेही आणू नयेत.

भाद्रपदात मुलांना मूर्ती करायला बसवाल तेव्हा शाडू माती आणि पाण्यात विरघळणारे रंग द्यावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि विषारी रंग यांच्या विरोधातच आहेत. गेरू, हळद आणि खडूची पूड एवढ्यावर मुलांचा गणपती उत्तम रंगतो आणि बादलीत विसर्जन केल्यावर माती पुन्हा कुंडीत जाते.

पाचवी पायरी: खोलीतली हवा

आपल्या घरांत बाळाला न्हाऊ घातल्यावर वेखंड, ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. त्या वासाशी आपल्या सगळ्यांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. तरीही धूर तो धूरच. बाळाच्या फुप्फुसांना तो ओव्याचा आहे की कचऱ्याचा, याने फार फरक पडत नाही. अंग कोरडे करण्यासाठी मऊ सुती पंचा आणि ऊब देण्यासाठी आईची कूस पुरेशी आहे. आजीशी वाद घालण्यापेक्षा धुरी बाळाला दुसऱ्या खोलीत नेऊन घरापुरती द्यावी, अशी तडजोड आमच्याकडे टिकली. उदबत्तीही देवापुढे एकच, खिडकी उघडी ठेवून.

डासांचा प्रश्न मुंबईत टाळता येण्याजोगा नाही, कारण मलेरिया आणि डेंग्यू हे काल्पनिक धोके नव्हेत. पण बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बाजारात मिळणाऱ्या डासांच्या काही बिनलेबल अगरबत्त्यांत भारतात मान्यता नसलेली कीटकनाशके असतात. जे काही घ्याल त्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोणाची खूण आहे ना, हे पाहावे. माझ्या मते पैसे खर्च करावेत ते खिडकीच्या जाळीवर आणि मच्छरदाणीवर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावावी. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि वातानुकूलन यंत्राचे साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. निलगिरी आणि सिट्रोनेलाची तेले तान्ह्या मुलाच्या अंगाला लावू नयेत. ती झाडापासून आली म्हणून सौम्य ठरत नाहीत.

नवे फर्निचर करताना प्लायवुड आणि एमडीएफ यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू सुटत राहतो आणि उष्ण, दमट हवेत तो अधिक सुटतो. मुंबईची हवा वर्षातला बराच काळ तशीच असते. हा वायू कमी सुटत असल्याचे सांगणारा ई-१ किंवा त्याहून कडक ई-० श्रेणीचा शिक्का असलेले प्लायवुड मागावे, कापलेल्या उघड्या कडा पट्टीने बंद करून घ्याव्यात आणि सनमायका चिकटवायला उग्र वासाच्या रबरी सोल्यूशनऐवजी पाण्यात विरघळणारा डिंक वापरण्यास सुताराला आधीच बजावावे. रंगकाम आणि सुतारकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करावे आणि बाळाला त्या खोलीत झोपवण्यापूर्वी निदान महिनाभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाहुण्यांकडून आलेला जुना, वास उडून गेलेला पाळणा नव्यापेक्षा उजवा ठरतो. फक्त त्याचा रंग जुना आणि पोपडे सुटलेला नसावा.

भिंतीवर ओल आणि काळी बुरशी आली असेल तर सुगंधी फवारे निरुपयोगी आहेत. गळती वरच्या मजल्यावरून येते की बाहेरच्या भिंतीतून, हे शोधून ती बंद करेपर्यंत त्यावर रंग देण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: साफसफाई

घर स्वच्छ ठेवायला मुळात तीन-चार वस्तू पुरतात: भांड्यांचा साधा साबण, धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि लिंबूफूल. लादी पुसायला गरम पाण्याची बादली आणि साबणाचे काही थेंब एवढे बस. रोज जंतुनाशक घालण्याचे कारण नाही आणि त्याच लादीवरून मूल हात चाटत फिरते. नळावरचे पांढरे डाग कपभर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूफूल विरघळवून काढावेत. मात्र कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल लागले की त्यांचा पृष्ठभाग खातो. ग्रॅनाइटच्या ओट्याला ती भीती नाही. चिमणीची चिकट जाळी हातमोजे घालून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावी. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नये, ती काळी पडते.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. फेस छान दिसतो, पण एक आम्ल आणि एक अल्कली एकमेकांना संपवतात आणि हाती जवळजवळ खारे पाणी उरते. दोन्ही वापरायची तर वेगवेगळी, एकामागून एक वापरावीत.

ब्लीच घरात असावे ते फक्त उलटी-जुलाबांच्या दिवसांसाठी. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी असे मिश्रण ताजे करून पृष्ठभाग पुसावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावा. ते शौचकूपाच्या आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि आपली न्हाणीघरे इतकी लहान असतात की बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा नीट समजावून सांगावे, कारण ती हवा सर्वांत जास्त त्याच घेतात.

रिठ्याचे पाणी रेशमी आणि लोकरी कपड्यांसाठी उत्तम. आठ-दहा रिठे बिया काढून रात्री भिजवावेत, सकाळी उकळून कुस्करावेत, गाळून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत. डोळ्यांत गेले तर बराच वेळ चुरचुरते, म्हणून मुलांचे केस धुताना मी ते वापरत नाही.

सातवी पायरी: कपडे आणि कातडी

येथे खर्च कमी करता येतो. जुन्या सुती लुगड्याची शंभरदा धुतलेली गोधडी आणि मलमलीची झबली यांच्याहून निर्धोक कापड विकत मिळणे कठीण आहे. नवे कपडे दोनदा धुऊनच घालावेत. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त प्रक्रिया असते, ते बाळासाठी घेऊ नये. लंगोट दिवसा आणि डायपर रात्री, अशी वाटणी मुंबईच्या पावसाळ्यात करावीच लागते, कारण जुलैत दोन दिवस लंगोट वाळत नाहीत आणि दमट लंगोटाने पुरळ येते. टाल्कम पावडर बाळाच्या श्वासात जाते. ती सरळ बंद करावी. मालिशीला खाण्याचे खोबरेल घ्यावे. मोहरीचे तेल तान्ह्या त्वचेला त्रासदायक ठरते.

आठवी पायरी: वेष्टन वाचणे

‘केमिकल-फ्री’ या शब्दाला अर्थ नाही; पाणीही रसायनच आहे. घटकांच्या यादीत नुसते ‘परफ्यूम’ लिहिलेले असेल तर त्याखाली डझनभर पदार्थ असू शकतात, म्हणून बाळासाठी बिनवासाचीच वस्तू घ्यावी. पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘ग्रीन’, ‘इको’ असे मोघम शब्द वापरणाऱ्याने पुरावा द्यायला हवा, अशी त्यांत अपेक्षा आहे. मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली सरकारची इकोमार्क योजना १९९१ ची असून २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. कापडावर ‘गॉट्स’ हे चिन्ह कापूस सेंद्रिय असल्याचे आणि रंगप्रक्रिया तपासल्याचे सांगते. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे चिन्ह तयार कापडातील घातक द्रव्यांची चाचणी झाल्याचे सांगते. त्यातील पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आहे. सेंद्रिय अन्नावर ‘जैविक भारत’ शोधावे. चिन्हाखाली परवान्याचा किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर ते चिन्ह म्हणजे नुसते चित्र समजावे.

शेवटचे काम: काढलेल्या वस्तूंचे काय करावे

झडतीत निघालेले अर्धे फिनेल, कीटकनाशक आणि रंगाचे डबे मोरीत ओतू नयेत. ते नाल्यावाटे शेवटी समुद्रात जाते. घनकचऱ्याच्या नियमांनुसार घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायचा असतो. रंग वाळू घालून डब्यातच सुकवावा, बाटल्यांची झाकणे घट्ट लावावीत, डांबरगोळ्या आणि पाऱ्याची बरणी वेगळी बांधावी, पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘विषारी’ असे लिहावे आणि ती सफाई कामगाराच्या हातात देताना तोंडी सांगावे. डबा, बाटली आणि तवा भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी धुऊन, निकामी करून द्यावेत. आमच्या पांढऱ्या फिनेलच्या बाटल्यांना मी सुरीने तळाशी भोक पाडले. तशी बाटली पुन्हा कोणी पाण्यासाठी किंवा फिनेलसाठी भरू शकत नाही.